स्केच लाल का होते?
(संगणकीय आरेखनातील मापांच्या अडचणींवरील पुस्तिकेची प्रस्तावना)

संगणकावर यंत्रभागाचे चित्र काढायला शिकणाऱ्याची खरी अडचण आदेश पाठ करण्याची नसते. रेघ, वर्तुळ, चौकोन थोड्याच दिवसांत हाताखाली येतात. गाडी अडते ती मापांपाशी. एक माप बदलावे तर भलतीच रेघ सरकते. नवे माप द्यावे तर सगळे स्केच लाल-पिवळे होते. काल व्यवस्थित बंद केलेली फाइल आज उघडताच मापांचा आधार तुटल्याचा इशारा समोर येतो. अशा वेळी बहुतेक जण एकच उपाय करतात. शेवटचे माप पुसतात, रंग पूर्ववत झाला की हायसे वाटते आणि काम पुढे सरकते. ही पुस्तिका त्या पुसण्याची सवय मोडावी म्हणून लिहिली आहे.

तिचे म्हणणे थोडक्यात असे. स्केचमधले प्रत्येक माप हा घडवायच्या वस्तूबद्दल घेतलेला एक निर्णय असतो. स्केच अडते तेव्हा त्या निर्णयांत कुठेतरी गफलत असते. एखादा निर्णय घ्यायचा राहिलेला असतो, एखादा दोनदा घेतलेला असतो, नाहीतर ज्याच्या आधाराने घेतला ती कडच नाहीशी झालेली असते. सॉफ्टवेअर या तिन्हींची वेगवेगळी खूण देते. ती खूण वाचता आली तर अडचण सुटते आणि वस्तूही समजते. खूण पुसली तर अडचण कागदावरून उठून वर्कशॉपमध्ये जाते, आणि तिथे ती लोखंडाच्या आणि मजुरीच्या भावाने पडते.

हा विषय वडवणीत बसून का लिहावा, याचे उत्तर गावच्या रस्त्यावर आहे. बीडहून परळीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, बालाघाटच्या डोंगररांगांतले हे तालुक्याचे ठिकाण. शेती बहुतांश पावसाच्या भरवशावर. कापूस, सोयाबीन, तूर ही मुख्य पिके. दसरा-दिवाळीच्या सुमारास असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. या जगण्याला लागणारे लोखंडी सामान, म्हणजे ट्रॉलीची चौकट, टायरगाडीचा साटा, वखराची पास, पेरणी यंत्राचा बार, हे सारे आपल्या भागातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत घडते आणि दुरुस्त होते. कारागिराच्या हाताला माप ठाऊक असते. कागदावर ते क्वचितच उतरते. दुसरीकडे आपल्याच घरांतली मुले आयटीआय किंवा पॉलिटेक्निक करून वाळूज, चाकण, रांजणगावच्या कारखान्यांत जातात. ड्राफ्ट्समन मेकॅनिकलच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात त्यांना कॅड शिकवले जाते. काही जण पुढे छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेत डाय आणि टूल डिझाइनपर्यंत पोचतात. पण अडलेले स्केच कसे सोडवायचे, हे सलग आणि मराठीत सांगणारे काही त्यांच्या हाती पडत नाही. दुकानातले अनुभवी हात आणि संगणकावरची तरुण बोटे एकाच मापाबद्दल बोलू लागावीत, ही या लेखनामागची इच्छा आहे.

मुळापासून सुरुवात करू. शेताच्या चारही बांधांची लांबी मोजली म्हणजे शेत मोजले गेले, असे वाटणे साहजिक आहे. समजा, चारही बाजू १०० फुटांच्या आहेत. कोपरे काटकोनात असतील तर क्षेत्रफळ १०,००० चौरस फूट, म्हणजे १,०८९ चौरस फुटांच्या गुंठ्याने नऊ गुंठ्यांहून थोडे जास्त. तेच शेत तिरपे होऊन एक कोपरा ६० अंशांचा झाला तर बांध तेवढेच राहतात, पण क्षेत्र सुमारे ८,६६० चौरस फूट होते, म्हणजे आठ गुंठेही भरत नाहीत. बांधाची चारही मापे खरी, आणि तरी गुंठ्याहून अधिक जमिनीचा फरक. म्हणून मोजणीदार कर्णाची दोरी टाकतो. म्हणूनच ट्रॉलीची चौकट टाके मारून उभी केली की कारागीर पक्के वेल्डिंग करण्याआधी दोन्ही कर्ण टेपने ताडून पाहतो. कर्ण सारखे आले तरच चौकट गुण्यात आहे असे तो म्हणतो.

ही गोष्ट भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त स्पष्ट मांडली आहे. चौकोनाच्या चार बाजू त्याच ठेवून कर्ण वेगवेगळे असू शकतात, त्यामुळे कर्ण किंवा लंब यांपैकी काहीतरी सांगितल्याशिवाय क्षेत्रफळ विचारताच येत नाही, हे त्यांनी ठणकावले. चौकोनाची ही अनिश्चित स्थिती न ओळखता प्रश्न विचारणाऱ्याला त्यांनी खडसावले, आणि अशा प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याला त्याहून जास्त. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. आज काही सॉफ्टवेअरमध्ये अपुऱ्या मापांचे स्केच निळे राहते तेव्हा ते नेमके हेच सांगत असते: बाजू दिल्यात, कर्ण दिलेला नाही.

युरोपात हा विचार पुलांच्या आणि छपरांच्या सांगाड्यांच्या निमित्ताने पुढे गेला. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६४ मध्ये सांगाडा ताठ राहण्यासाठी किती दांडे लागतात याचा हिशेब मांडला. सपाट पृष्ठावरच्या सांगाड्याचा नेमका नियम हिल्डा गायरिंगर यांनी १९२७ मध्ये दिला. तो मागे पडला आणि १९७० मध्ये डच गणिती खेरार्ड लामान यांनी स्वतंत्रपणे पुन्हा सिद्ध केला. नियम सोपा आहे. सपाट कागदावर बिंदूंची संख्या दुप्पट करा आणि त्यातून तीन वजा करा. आकार पक्का होण्यासाठी तेवढी अंतरे लागतात. चार बिंदूंना बे चोक आठ, वजा तीन, पाच अंतरे: चार बाजू आणि एक कर्ण. वजा केलेले तीन म्हणजे आकार कागदावर कुठे ठेवायचा आणि किती वळवायचा याची मोकळीक. नियमाचा दुसरा अर्धा भाग तितकाच महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच विसरला जातो. आकाराच्या कोणत्याही एका भागात गरजेपेक्षा जास्त अंतरे असता कामा नयेत. एकूण संख्या जुळली, पण एका कोपऱ्यात एक माप जास्त आणि दुसऱ्यात एक कमी असेल, तर बेरीज बरोबर येऊनही आकार पक्का होत नाही. अडलेल्या स्केचमध्ये ही स्थिती वरचेवर आढळते.

हा हिशेब संगणकाकडे सोपवण्याची कल्पना आयव्हन सदरलँड यांची. १९६३ मध्ये एमआयटीत पीएचडीसाठी त्यांनी ‘स्केचपॅड’ ही प्रणाली तयार केली. ती लिंकन प्रयोगशाळेतल्या टीएक्स-२ या संगणकावर चालत असे. पडद्यावर लाइट पेनने कशीतरी षट्कोनासारखी आकृती काढायची, तिचे कोपरे वर्तुळावर बसवायचे, सर्व बाजू समान असाव्यात असे सांगायचे, की संगणक ती आकृती नीट षट्कोनात आणून ठेवी. आधी ओबडधोबड काढा, मग अटी घाला, ही आज प्रत्येक कॅड सॉफ्टवेअरमध्ये वापरली जाणारी रीत तिथून आली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सॅम्युएल गाइसबर्ग यांच्या पॅरामेट्रिक टेक्नॉलॉजी कंपनीने ‘प्रो-इंजिनिअर’ आणले आणि माप बदलताच सगळा भाग बदलण्याची पद्धत कारखान्यांत रुळू लागली. १९९५ मध्ये आलेल्या ‘सॉलिडवर्क्स’ने ती साध्या पीसीवर आणली. २००२ पासून विकसित होत असलेले आणि कोणालाही फुकट वापरता येणारे ‘फ्रीकॅड’ नोव्हेंबर २०२४ मध्ये १.० या आवृत्तीपर्यंत पोचले. परवान्याचा खर्च न परवडणाऱ्या गावाकडच्या विद्यार्थ्याला आणि लहान दुकानदाराला ते मोठे वरदान आहे, म्हणून या पुस्तिकेतली बहुतेक उदाहरणे त्यावर करून पाहता येतील अशी निवडली आहेत.

या सर्वांच्या पोटात सॉल्व्हर नावाचा एक भाग असतो. आपण दिलेले प्रत्येक माप आणि प्रत्येक अट तो समीकरणात बदलतो आणि सर्व समीकरणे एकाच वेळी खरी ठरतील अशी बिंदूंची जागा शोधतो. आपण काय घडवतो आहोत याची त्याला कल्पना नसते. आपण पेरणीचा बार काढतो आहोत की खिडकीची जाळी, त्याला दोन्ही सारखेच. समीकरणे कमी पडली, जास्त झाली किंवा एकमेकांशी भांडली, एवढेच तो सांगू शकतो. त्यांतले कोणते ठेवायचे, हे वस्तू ओळखणाऱ्यानेच ठरवायचे असते.

सॉल्व्हरचा हिशेब आपल्याला बोटांवर करता आला पाहिजे. एका बिंदूला दोन मोकळिकी: आडवी आणि उभी. रेघेला दोन टोके, म्हणून चार. वर्तुळाला तीन: केंद्राच्या दोन आणि त्रिज्येची एक. चार सुट्या रेघा काढल्या की सोळा मोकळिकी झाल्या. चारही कोपरे जोडले, प्रत्येक जोडाने दोन गेल्या, उरल्या आठ. दोन रेघा आडव्या आणि दोन उभ्या केल्या, आणखी चार गेल्या. उरलेल्या चार म्हणजे लांबी, रुंदी आणि चौकोन कुठे ठेवायचा याच्या दोन जागा. लांबी-रुंदी देऊनही चौकोन निळाच का राहतो, हा वर्गात हमखास विचारला जाणारा प्रश्न. त्याचे उत्तर या चार आकड्यांत आहे: आपण दोन दिले, दोन राहिले. एक कोपरा किंवा मध्य ओरिजिनशी बांधला की हिशेब शून्यावर येतो. सॉलिडवर्क्समध्ये रेघा काळ्या होतात, फ्रीकॅडमध्ये हिरव्या.

आता एक काम जवळून पाहू. सोयाबीन पेरणीसाठी पाच फणांचा बार करायचा आहे. पट्टी २,००० मिलिमीटर लांब, ५० रुंद. तिच्या मध्यरेषेवर पाच भोके. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवण्याची कृषी विद्यापीठांची शिफारस आहे, म्हणून भोकांतले अंतर ४५० मिलिमीटर. पाच वर्तुळांच्या पंधरा मोकळिकी. सगळी भोके सारखी ठेवली, चार गेल्या. एकाचा व्यास दिला, एक गेली. पाचही केंद्रे मध्यरेषेवर बसवली, पाच गेल्या. उरल्या पाच. मधले भोक उभ्या अक्षावर ठेवले आणि ४५० ची चार अंतरे दिली, की काम संपले. एवढ्यात ऑर्डर देणारा शेतकरी सांगतो, पहिल्या फणापासून शेवटच्या फणापर्यंत सहा फूट पाहिजे. संगणकावर बसलेला मुलगा पहिल्या आणि पाचव्या भोकामध्ये १,८२८.८ लिहितो आणि स्केच लाल होते.

इथे माऊस बाजूला ठेवून आकडे पाहावेत. चार वेळा ४५० म्हणजे १,८००. सहा फूट म्हणजे १,८२८.८. फरक २८.८ मिलिमीटर, इंचाहून अधिक. शेतकरी दीड फुटाची ओळ धरतो, म्हणजे अठरा इंच, ४५७.२ मिलिमीटर. शिफारस ४५० सांगते. दोघांच्याही डोक्यात सोयाबीनची तीच ओळ आहे, पण आकडे वेगळे आहेत. लाल रंगाने दाखवली ती सॉफ्टवेअरची खोड नव्हे. गिऱ्हाईक आणि शिफारस यांच्यात न बोलला गेलेला फरक त्याने उघड केला. याचा निकाल ‘डिलीट’ने लागत नाही. शेतकऱ्याला विचारावे लागते: पेरणीनंतर कोळपणी कशाने करता? कोळप्याची पास किंवा ट्रॅक्टरच्या चाकांमधले अंतर दीड फुटाच्या ओळीला जुळवलेले असेल तर ४५७.२ घेणे शहाणपणाचे. नसेल तर ४५० चालेल. एका प्रश्नाने मापही ठरते आणि पुढच्या हंगामाची अडचणही टळते.

समजा, त्या मुलाने १,८२८.८ ऐवजी १,८०० लिहिले असते. आकडा खरा आहे, तरीही सॉफ्टवेअर तक्रार करते. आधीचे भांडण होते. इथे पुनरुक्ती आहे. चार अंतरांतून जे आपोआप निघते तेच पाचव्यांदा सांगितले गेले. पुनरुक्ती आज निरुपद्रवी दिसते, पण उद्या कोणी ४५० चे ४६० करायला गेला की तीच भांडणात बदलते. एकूण लांबी कागदावर दिसायला हवी असेल तर ते माप केवळ दाखवण्यापुरते ठेवावे. जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर ही सोय देते. असे माप आकार हलवत नाही, फक्त वाचून दाखवते. कागदावरच्या आरेखनातही हाच नियम आहे. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस ११६६९ या मानकाप्रमाणे असे साहाय्यक माप कंसात लिहितात, म्हणजे ते पाहून कोणी तपासणी करत नाही.

पुनरुक्ती नेहमी आकड्याच्या रूपानेच येते असे नाही, आणि शोधायला अवघड पडते ती आकड्यावाचून आलेलीच. वरच्या बारमध्ये डावी-उजवी भोके उभ्या अक्षाभोवती सममित करावीत, असे कोणालाही सुचेल. सममितीची अट दोन गोष्टी सांगते: दोन्ही भोके अक्षापासून सारख्या अंतरावर आहेत, आणि दोन्ही एकाच उंचीवर आहेत. पण दोन्ही आधीच मध्यरेषेवर बसवलेली असल्याने उंचीची गोष्ट ठरून गेलेली आहे. अर्धी अट नवी, अर्धी शिळी. आणि सॉफ्टवेअर पुनरुक्तीचा इशारा देते. उपाय सोपा: प्रत्येक जोडीतल्या एका भोकाची मध्यरेषेवरची अट काढायची आणि सममितीला तिचे काम करू द्यायचे. मग ४५० आणि ९०० ही दोनच मापे पुरतात. त्याही पुढे जाऊन ओळीच्या अंतराला एक नाव द्यावे आणि दुसरे माप त्याच्या दुप्पट ठेवावे. म्हणजे पीक बदलले तरी एक आकडा बदलून पाचही भोके जागच्या जागी सरकतात. मापांची खरी ताकद इथे कळते.

मापे कुठून कुठे द्यावीत, यालाही असाच विचार लागतो. समजा, ड्रिल मारताना प्रत्येक माप एक मिलिमीटर इकडे-तिकडे होऊ शकते. अंतरे ओळीने एकापुढे एक दिली तर चार चुका साठत जाऊन पहिल्या-शेवटच्या भोकांतला फरक चार मिलिमीटरपर्यंत जाऊ शकतो. सगळी मापे मधल्या भोकापासून दिली तर टोकांमधला फरक दोनपर्यंत राहतो. पण मग पहिल्या-दुसऱ्या भोकांतले अंतरही दोनपर्यंत हलू शकते, जे ओळीच्या मापांत एकाहून जास्त हलत नव्हते. दोन्ही रीती निर्दोष आहेत. शेजारच्या ओळी सारख्या हव्यात की टोकाचे फण नेमके हवेत, यावर निवड ठरते. स्केच दोन्ही वेळा तितकेच हिरवे दिसते. फरक शेतात दिसतो.

निर्णय राहून जाण्याच्या अडचणी शांत असतात, म्हणून त्या जास्त त्रास देतात. निळी रेघ आज जागेवर दिसते आणि आठ दिवसांनी दुसरे माप बदलताना हळूच सरकते. ती शोधण्याचा उत्तम मार्ग म्हणजे प्रत्येक टोक माऊसने ओढून पाहणे. जे हलते ते मोकळे. दोन टोके एकमेकांवर आलेली दिसतात, पण जोडलेली नसतात, ही अशीच दुसरी फसगत. दोघांत केसाएवढी फट असली तरी आकार बंद होत नाही आणि जाडी देताना सॉफ्टवेअर नकार देते. याच्या उलट, काही निर्णय आपण न घेता सॉफ्टवेअरच घेऊन टाकते. रेघ जवळपास उभी काढली की ते तिला उभी ठरवते. दुसऱ्या रेघेच्या जवळ गेलो की काटकोनाची खूण चिकटवते. फणाला थोडा कल द्यायचा असतो. आपण ८७ अंश लिहितो आणि भांडण सुरू होते, कारण उभेपणाची अट आपल्या नकळत आधीच बसलेली असते. म्हणून लाल स्केचमध्ये आकड्यांआधी या लहान खुणा तपासाव्यात.

काही वेळा हिशेब बिनचूक असतो आणि तरी आकार उलटतो. त्रिकोणाच्या तीन बाजू दिल्या की तिसरा कोपरा पायाच्या वरही बसू शकतो आणि खालीही. दोन्ही उत्तरे खरी. सॉल्व्हर आत्ताच्या चित्राला जवळचे उत्तर उचलतो. मोठ्या मापावरून एकदम लहान मापावर उडी मारली की जवळचे म्हणजे कोणते, हेच बदलते आणि भाग पालथा पडतो. म्हणून पहिले स्केच खऱ्या आकाराच्या जवळपास काढावे, मोठी मापे आधी द्यावीत, आणि फार मोठा बदल टप्प्याटप्प्याने करावा. १०० च्या बाजूला ४० आणि ५० च्या दोन बाजूंचा त्रिकोण तर होतच नाही. तिथे अटींची संख्या बरोबर असूनही उत्तर नाही, आणि ते सॉल्व्हरच्या आधी आपल्याला कळले पाहिजे.

तिसरा प्रकार आधार नाहीसा होण्याचा. भोकाचे माप एखाद्या कडेपासून दिले, पुढे त्या कडेला गोलाई दिली, आणि ती कड उरलीच नाही. माप अधांतरी राहते. फ्रीकॅडमध्ये याची एक जुनी डोकेदुखी होती. आधीचा भाग बदलला की पृष्ठभागांचे आणि कडांचे क्रमांक बदलत आणि माप भलत्याच कडेला जाऊन चिकटे. १.० या आवृत्तीत त्यावर मोठी सुधारणा झाली. तरीही सवय एकच चांगली: मापे शक्यतो ओरिजिनपासून, अक्षापासून किंवा मुद्दाम ठेवलेल्या संदर्भरेषेपासून द्यावीत, आणि गोलाई, चॅम्फर सगळ्यांत शेवटी करावेत. टिकणाऱ्या आधारावर घेतलेला निर्णय टिकतो.

एककांबद्दल आपल्या भागात वेगळे सांगावे लागते. दुकानात माप इंच आणि सुतात चालते. एक इंच म्हणजे आठ सूत, एक सूत म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. पडद्यावर दोनच दशांश दिसत असतील तर तेच ३.१८ दिसते. चौरसाची बाजू १०० असेल तर कर्ण पडद्यावर १४१.४२ दिसतो, तोच आकडा कोणी माप म्हणून टाइप केला तर स्केच लाल होते, कारण खरा कर्ण १४१.४२१३ आणि पुढे न संपणारा आहे. दिसणारा आकडा आणि असणारा आकडा यांत फरक असतो, हे एकदा पक्के कळले पाहिजे. लेझर किंवा प्लाझ्मा कटिंगला डीएक्सएफ फाइल पाठवताना हाच प्रश्न पैशांचा होतो. इंचात काढलेले चित्र समोरच्याने मिलिमीटर समजून उघडले तर अठरा इंचांचा भाग अठरा मिलिमीटरचा कापला जातो. याहून घातक म्हणजे रेघ तशीच ठेवून तिच्यावरचा आकडा हाताने बदलणे. कागदावरचे माप वाचून काम करणारा माणूस कदाचित विचारेल. यंत्र आकडा वाचत नाही. ते रेघ कापते. ही खोड कोणत्याही विद्यार्थ्याला लागू देऊ नये, अशी प्रत्येक शिक्षकाला माझी कळकळीची विनंती आहे.

अडलेल्या स्केचपाशी काय करावे, याचा क्रम पुढच्या प्रकरणांत उदाहरणांसह दिला आहे. इथे सांगाडा सांगतो. आधी सॉफ्टवेअरने दिलेला संदेश पूर्ण वाचा. तक्रार मोकळिकीची आहे, पुनरुक्तीची, भांडणाची की तुटलेल्या आधाराची, हे त्यात असते. मग एकके पाहा. मग न मागता बसलेल्या खुणा पाहा. त्यानंतर मोकळिकी बोटांवर मोजा. भांडणात अडकलेल्या मापांपैकी एकेक फक्त दाखवण्यापुरते करा आणि ते आता काय आकडा दाखवते ते वाचा. अपेक्षित आकडा आणि आलेला आकडा यांतला फरकच बहुधा कारण सांगतो. वरच्या बारमध्ये तो २८.८ होता, आणि भोकांमधल्या चार अंतरांपैकी प्रत्येकामागे ७.२ मिलिमीटरचा, म्हणजे अठरा इंच आणि पंचेचाळीस सेंटिमीटर यांतला फरक लगेच ओळखू आला. शेवटी, कोणते माप ठेवायचे हे वस्तूच्या उपयोगावरून ठरवा, आणि मगच दुसरे काढा.

पुस्तिकेची प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत, आणि प्रत्येकाच्या शेवटी मुद्दाम बिघडवलेली स्केचेस आहेत. ती सोडवताना उत्तराइतकेच कारणही लिहावे. एखादे माप काढले तर ते का काढले आणि दुसरे का ठेवले, हे एका वाक्यात सांगता आले पाहिजे. ते वाक्य लिहिता येत नसेल तर स्केच हिरवे झाले असले तरी काम झालेले नाही. पारिभाषिक शब्द वर्गात आणि दुकानात चालतात तेच ठेवले आहेत, कारण पुढे कारखान्यात विद्यार्थ्याला हेच शब्द भेटणार आहेत. समजावणे मात्र सगळे आपल्या बोलीला जवळचे आहे.

शिकवणाऱ्यांना आणखी एक सुचवावेसे वाटते. विद्यार्थ्याला एखाद्या दिवशी फॅब्रिकेशनच्या दुकानात न्यावे आणि तिथली एक खरी वस्तू मोजून स्केच करायला लावावी. कोणते माप कारागिराने काटेकोर ठेवले आणि कोणते सैल सोडले, हे त्याला विचारायला लावावे. ट्रॉलीच्या फाळक्याला थोडा फरक चालतो. एक्सलच्या बेअरिंगला अजिबात चालत नाही. ही जाण दुकानात वर्षानुवर्षे जपली गेली आहे आणि कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये ती मिळत नाही. आणि त्या कारागिरालाही संगणकावर त्याच्याच वस्तूचे माप बदलून दाखवावे. एका आकड्याने सगळा बार सरकताना पाहिला की पुढच्या ऑर्डरला तो स्वतःहून कागद मागेल.

या तालुक्यातून दरवर्षी कष्टाळू हात बाहेर जातात. त्यांतल्या काहींना तरी स्वतःच्या वस्तूचे माप स्वतः ठरवता यावे, ते का ठरवले हे ठामपणे सांगता यावे आणि त्या कौशल्याचे मोल मिळावे, यासाठी लाल झालेले एक स्केच नीट सोडवता येणे ही चांगली सुरुवात आहे. पहिले प्रकरण उघडण्यापूर्वी आपण नुकतेच काढलेले एखादे स्केच समोर घ्या, त्यातल्या प्रत्येक मापापुढे ते कोणी आणि कशासाठी ठरवले ते लिहा, आणि जिथे काही लिहिता येणार नाही तिथून वाचायला लागा.

वडवणी, जि. बीड